आपल्या साइटचं नाव: डॉट इन, डॉट भारत की डॉट ईटीएच?

स्वतःची वेबसाइट करायची तर डोमेन कुठलं घ्यावं, आणि ते ब्लॉकचेनवालं डोमेन असतं ना, एकदाच पैसे भरा आणि कायमचं आपलं, ते घ्यावं का, हा प्रश्न मला हल्ली सारखा येतो आणि दर वेळी फोनवर अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगते. तुमचं लिखाण, फोटो, रेसिपी, कविता, जे काय असेल ते लोकांनी वाचावं असं वाटत असेल तर साधं डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या, ते स्वतःच्याच अकाउंटवर घ्या, आणि तुमच्यानंतर ते कोण बघणार हे आत्ताच घरात कोणाला तरी सांगून ठेवा. ब्लॉकचेनचं नाव त्यानंतर, आणि तेही हवं असेल तरच.

आता जरा निवांत.

इंटरनेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो आणि माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, एवढ्यासाठी नावं आली. सुरुवातीला तर अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकच फाइल होती, त्यात सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते, एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची आणि बाकी सगळे ती फाइल उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तसं ते झेपेना, मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, आणलं, ज्यात काम वाटून दिलेलं असतं: वर रूट, म्हणजे सगळ्यांच्या मुळाशी असलेली यादी, त्याच्याखाली डॉट कॉम, डॉट इन वगैरे, आणि त्यांच्याखाली तुम्ही-आम्ही. पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीचं. आज रूटची व्यवस्था आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे, डॉट कॉम व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आणि आपलं डॉट इन निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे. रूट सर्व्हरचे पत्ते तेराच, ए ते एम, पण त्यांच्या प्रती जगभर ठेवल्यात, आपल्या मुंबईतही आहेत, त्यामुळे एक बंद पडला तर तुम्हाला कळतसुद्धा नाही. चाळीस वर्षं ही गोष्ट चालू आहे आणि जगातल्या प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक ब्राउझरमध्ये काहीही वेगळं न टाकता चालते. हे मला फार मोठं वाटतं, कारण नव्या गोष्टींच्या चर्चेत हेच सगळ्यात आधी विसरलं जातं.

पण एक गोष्ट खरी आहे आणि ब्लॉकचेनवाले लोक ती बरोबर सांगतात. डीएनएसमधलं नाव कधीच पूर्णपणे तुमच्या मालकीचं होत नाही. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळतं, मुदत संपली की काही दिवस सवलत, मग साधारण तीस दिवस जास्त पैसे भरून सोडवून घ्यायची सोय, मग पाच दिवस ते कोणालाच मिळत नाही आणि त्यानंतर जो पहिला झडप घालेल त्याचं. आणि झडप घालायला माणसं नाही, प्रोग्रॅम बसलेले असतात.

माझ्या मामांच्या बाबतीत हेच झालं. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले आणि त्यांनी आमच्या तालुक्यातल्या गावांची, वाड्यांची, जुन्या विहिरी आणि देवळांची माहिती कितीतरी वर्षं फिरून जमवली होती, त्याची साइट गावातल्याच एका कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतली. त्याने डोमेन घेतलं ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या अकाउंटवर. मामांना वाटत होतं साइट आपली आहे, पैसे तर दर वर्षी तेच देत होते. तो मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला, नंबर बदलला, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिले आणि एक दिवस मामांच्या पत्त्यावर सट्ट्याची जाहिरात उघडायला लागली. नातवाने शाळेत कोणाला तरी दाखवायला उघडली तेव्हा घरी कळलं. मामा काही बोलले नाहीत पण त्यांना ते किती लागलं हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास होतो की दुकानदार, डॉक्टर, शाळा, भजनी मंडळं, ज्यांनी ज्यांनी कोणाकडून साइट करून घेतलीय त्यांनी आजच बघा डोमेन कोणाच्या नावावर आहे.

हे सगळं झाल्यावर माझ्या भावाचं म्हणणं असं की मामांना डॉट ईटीएच, म्हणजे ब्लॉकचेनवरचं नाव, घेऊन देऊ, मग कोणी काढूनच घेऊ शकणार नाही. म्हणून मी ते नीट समजून घेतलं.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही, आणि तिच्यावर नावं ठेवायची कल्पना जुनी आहे. बिटकॉइनचाच कोड घेऊन २०११ मध्ये नेमकॉइन निघालं, त्यात डॉट बिट नावं मिळायची. कल्पना सुंदर होती: वही एका कंपनीकडे नाही, हजारो कॉम्प्युटरवर आहे, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याचं नाव. पण २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी, त्यात आपले अरविंद नारायणनही होते, तपासलं तर जवळजवळ १,२०,००० नावांपैकी खरोखर वापरात असलेली, काहीतरी मजकूर असलेली नावं निघाली फक्त २८. बाकी सगळी अडवून ठेवलेली. नाव स्वस्त असेल आणि तक्रार करायला कोणीच नसेल तर काय होतं ते यात दिसतं.

त्यानंतर ४ मे २०१७ ला इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवर ईएनएस, म्हणजे इथेरियम नेम सर्व्हिस, सुरू झालं, निक जॉन्सन यांनी केलेलं, आणि ते खरंच जास्त विचार करून बांधलंय. पाच किंवा जास्त अक्षरांचं डॉट ईटीएच नाव वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरांचं १६०, तीन अक्षरांचं ६४०, शिवाय गॅस फी, म्हणजे व्यवहार ब्लॉकचेनवर नोंदवायचं शुल्क, वेगळी. म्हणजे इथेही भाडंच आहे, कायमचं वगैरे नाही. मुदत संपली तर नव्वद दिवस सवलत आणि मग नाव पुन्हा बाजारात येतं ते तब्बल १० कोटी डॉलरच्या जादा किमतीने, जी एकवीस दिवसांत उतरत उतरत शून्यावर येते, जेणेकरून झडप घालणाऱ्या प्रोग्रॅमला पहिल्या सेकंदाचा फायदा मिळू नये. हा भाग मला मनापासून आवडला, डीएनएसवाल्यांनी यातून शिकण्यासारखं आहे.

मराठी नावांच्या बाबतीत एक गंमत आहे. ईएनएस अक्षरं मोजतं ती युनिकोड या कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक पद्धतीप्रमाणे, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणारा हलन्त हे सगळं वेगळं धरून. त्यामुळे ‘स्वाती’ आपल्या डोळ्यांना दोन अक्षरी, पण तिथे सहा, म्हणजे ५ डॉलरवालं. ‘नदी’ मात्र तीनच, म्हणजे ६४० डॉलर.

आता खरा प्रश्न, हे नाव उघडतं का. डॉट ईटीएच हे जगाच्या रूटमध्ये नाहीच. आणि येण्याची शक्यताही जवळपास नाही, कारण ईटीएच हा इथिओपिया देशाचा आंतरराष्ट्रीय तीन अक्षरी कोड आहे आणि असे कोड डोमेनचं शेपूट म्हणून द्यायचे नाहीत असा आयकॅनचा नियम आहे. ब्रेव्ह, ऑपेरा असे काही ब्राउझर ती नावं ओळखतात. क्रोममध्ये वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं, आणि मोबाइलवरच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शनच चालत नाहीत. म्हणजे मामांच्या गावातला माणूस, ज्याच्या हातात साधा अँड्रॉइड फोन आहे, त्याने पत्ता टाकला तर त्याला गूगलचा सर्च येणार. सातबाऱ्यावर नाव पक्कं तुमचं, कोणी खोडू शकत नाही, पण शेतापर्यंत जायला वाटच नाही, अशी ही परिस्थिती आहे. आणि वाट नसलेल्या जमिनीचं काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको.

यावर तोडगा म्हणून गेटवे, म्हणजे मधली दारं, असतात. तुमच्या नावाच्या पुढे डॉट लिमो जोडलं की ते कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं. पण डॉट लिमो हे पुन्हा साधं, आयकॅनच्या व्यवस्थेतलंच डोमेन आहे! म्हणजे ज्या दारातून बाहेर पडलो त्याच दारातून परत आत. याच्या आधीचा गेटवे होता ईटीएच डॉट लिंक, आणि त्याचं काय झालं ते तर वाचाच. ते डोमेन व्हर्जिल ग्रिफिथ या इथेरियमवाल्या संशोधकाच्या नावावर होतं. उत्तर कोरियात जाऊन क्रिप्टोवर भाषण दिल्याच्या प्रकरणात त्याला २०२२ मध्ये अमेरिकेत ६३ महिन्यांची शिक्षा झाली, तो तुरुंगात, डोमेन रिन्यू करायला कोणी नाही, मुदत संपली आणि ते दुसऱ्याच्या हातात गेलं. ईएनएस बांधणाऱ्या कंपनीला ॲरिझोनाच्या कोर्टात जावं लागलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कोर्टाच्या आदेशाने ते डोमेन परत मिळालं. हजारो विकेंद्रित साइटचा रस्ता एका माणसाच्या एका डोमेनवर अवलंबून होता, आणि तो वाचवला तो कोर्टाने. मामांचं आणि त्यांचं दुखणं अगदी एकच होतं: नाव कोणाच्या अकाउंटवर आहे आणि तो माणूस हजर नसेल तर काय.

बाकीच्या अडचणी पटापट सांगते. डॉट ईटीएचला ब्राउझरमधलं कुलूप, म्हणजे एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, नेहमीच्या संस्थांकडून मिळत नाही कारण त्यांना नाव सार्वजनिक डीएनएसमध्ये असावं लागतं. त्या पत्त्यावर साधा ईमेल घेता येत नाही. गूगलवर शोधून कोणी तिथे येणार नाही. आणि मुख्य म्हणजे ब्लॉकचेनवर फक्त नाव असतं, साइट नसते. साइट बहुतेक जण आयपीएफएसवर, म्हणजे फाइली अनेकांच्या कॉम्प्युटरवर वाटून ठेवायच्या व्यवस्थेवर, ठेवतात, तिथे मजकूर बदलला की त्याचा पत्ताही बदलतो, मग तो नवीन पत्ता नावाला जोडायला पुन्हा व्यवहार, पुन्हा गॅस. आणि आयपीएफएसवरची फाइल कोणीतरी धरून ठेवली नाही तर ती हळूहळू कुठेच मिळत नाही. म्हणजे होस्टिंगचे पैसे वाचतात ही समजूत काढून टाका.

एकदाच पैसे भरा आणि आयुष्यभर विसरा, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांच्याबद्दल. अनस्टॉपेबल डोमेन्स ही कंपनी डॉट क्रिप्टो वगैरे नावं अशी विकते, रिन्यूअल नाही. यांनी डॉट कॉइनही विकलं होतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये लक्षात आलं की एमरकॉइन नावाची दुसरी ब्लॉकचेन आधीपासून तेच शेपूट वापरते, तेव्हा त्यांनी डॉट कॉइन बंद केलं आणि घेणाऱ्यांना भरपाई म्हणून क्रेडिट दिलं. टोकन, म्हणजे मालकीची नोंद, लोकांच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, राहिलं, पण नाव म्हणून त्याचा उपयोग थांबला. कंपनीने प्रामाणिकपणे केलं असं मी म्हणेन, तरी यातून कळतं की नाव चालणं ही ब्लॉकचेनची गोष्ट नाहीच, सगळ्यांनी मिळून एकच यादी मानायची ही गोष्ट आहे, आणि ती यादी मानणारं जग सध्या डीएनएसवर आहे.

आता किल्लीचं. ब्लॉकचेनच्या नावाची मालकी म्हणजे वॉलेटची किल्ली, तिची आठवण म्हणून बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द लिहून ठेवायचे. ते शब्द हरवले तर कोणाला फोन करणार? कोणीच नाही तिथे. माणूस गेला आणि ते शब्द घरच्यांना माहीत नसतील तर मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, काही काही चालत नाही. ईएनएसमध्ये एक चांगली सोय आहे, कोणीही कोणाच्याही नावाचे पैसे भरून मुदत वाढवू शकतं, म्हणजे घरचे नाव जिवंत ठेवू शकतील, पण त्यातलं एक अक्षर बदलू शकणार नाहीत. साध्या डोमेनच्या कंपनीकडे निदान कागद पाठवता येतात, खेटे घालावे लागतील, चार वेळा तेच सांगावं लागेल, पण पलीकडे माणूस असतो. मामा ७० च्या पुढे आहेत, त्यांच्या कामाला त्यांच्यानंतर पन्नास वर्षं तरी आयुष्य असावं असं मला वाटतं, म्हणून माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

शिवाय भारतात क्रिप्टोवर फायद्याच्या ३० टक्के कर आहे २०२२ पासून, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून १ टक्का टीडीएस. ५ डॉलरच्या नावासाठी आधी एक्सचेंजवर खातं, केवायसी, मग इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, घेणं, ते वॉलेटमध्ये नेणं आणि मग त्या व्यवहाराचा हिशेब रिटर्नमध्ये, हे मामांना सांगायचं?

पण मी या तंत्राच्या विरोधात नाही, हे मुद्दाम लिहिते. २०१७ मध्ये कॅटलोनियात सार्वमताच्या आधी स्पेनच्या पोलिसांनी डॉट कॅट चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयावर छापा घातला, सार्वमताच्या साइट बंद करायला लावल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत तालिबान सरकारने डॉट एएफ खालची क्वीअर डॉट एएफ ही साइट बंद पाडली, कारण एएफ म्हणजे अफगाणिस्तान. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ ला ब्रिटनमधल्या लोकांची डॉट ईयू नावं निलंबित झाली. फुकट मिळायची म्हणून आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजच्या पोरांनी डॉट टीके, डॉट एमएल घेतली होती, ती देणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये नवीन नोंदणी थांबवली आणि पुढच्या वर्षी तो धंदाच सोडला. म्हणजे नाव काढून घेतलं जाणं ही कल्पना नाही, घडलेली गोष्ट आहे. ज्याला सरकारकडून, बलाढ्य लोकांकडून खरा धोका आहे अशा पत्रकाराने, कार्यकर्त्याने दुसरी वाट म्हणून ब्लॉकचेनचं नाव जरूर ठेवावं, दुसरी वाट म्हणून. आणि ज्यांना क्रिप्टोत पैसे घ्यायचे-द्यायचे असतात त्यांना लांबलचक वॉलेट पत्त्याऐवजी एक नाव मिळतं, तिथे तर ईएनएस उत्तमच आहे. त्यातही बघा, तुमच्याकडे आधीच डॉट कॉम असेल आणि त्यावर डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या नोंदींवरची डिजिटल सही, चालू करता येत असेल तर तेच नाव ईएनएसमध्ये जोडता येतं. म्हणजे दोन नावं घ्यायचीही गरज नाही. हे इतकं कमी लोकांना माहीत आहे!

डॉट भारतबद्दल पण विचारतात. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत सुरू झालं, मराठीसकट आठ भाषांसाठी, कोकणीही त्यात आहे. निक्सीच चालवते. पूर्ण पत्ता आपल्या लिपीत, हे बघून मला आजही भारी वाटतं. आतल्या आत ते रोमन अक्षरांत बदललं जातं, एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं काहीतरी, आणि काही ॲपमध्ये शेअर केलं की तेच अगम्य रूप समोर येतं, त्यामुळे वाचणारा घाबरतो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ वेगळं टाइप केलं की पत्ताच वेगळा होतो, ‘कविता’ आणि ‘कवीता’ ही दोन स्वतंत्र नावं. त्यामुळे एकटं डॉट भारत नको, पण डॉट इनच्या जोडीला जरूर घ्या आणि दोन्ही एकाच साइटवर वळवा. आपणच घेतली नाहीत तर ॲपवाले तरी कशाला सुधारणा करतील.

शेवटी मामांसाठी काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल. नवीन डॉट इन घेतलं, मामांच्या नावावर, त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर, आणि तो ईमेल त्या डोमेनवरचा नाही, हे महत्त्वाचं, नाहीतर डोमेन गेलं की त्याच्या सूचनाही जातात. ऑफरमध्ये पहिलं वर्ष शंभर-दोनशे रुपयांत मिळतं पण दुसऱ्या वर्षापासून कितीतरी जास्त लागतात, म्हणून रिन्यूअलचा दर बघून कंपनी निवडली. एकदम बरीच वर्षं भरून टाकली, कारण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे, नियम आल्यावर परदेशी कंपन्यांचं ऑटो-रिन्यू आपल्या कार्डांवर बऱ्याचदा अडकतं आणि ते आपल्याला कळत नाही. ट्रान्सफर लॉक, म्हणजे डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून कुलूप, चालू, टू-फॅक्टर चालू. मामेभावाचा ईमेल तांत्रिक संपर्क म्हणून टाकला आणि कंपनीचं नाव, युजरनेम, मुदतीची तारीख एका कागदावर लिहून तो कागद एलआयसीच्या पॉलिसींच्या फाइलमध्ये ठेवला, कारण घरातल्या प्रत्येकाला ती फाइल कुठे असते ते माहीत आहे.

जुना मजकूर मात्र सगळा आमच्याकडे नव्हता. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुन्या पत्त्याने शोधल्यावर बरीच पानं सापडली, फोटो थोडेच. मामा आता ती पानं एकेक करून तपासतायत आणि विहिरींच्या माहितीत तेव्हा राहून गेलेल्या दुरुस्त्या पण करतायत, त्या झाल्या की पानं नव्या पत्त्यावर चढवत जाणार आहोत.